कॅज्युअल्टीतली पहिली वीस मिनिटं : सीमाभागातल्या दवाखान्यांतून

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या बाजूला आणीबाणीचा पेशंट आधी गावच्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात येतो, मग बेळगाव, कोल्हापूर नाहीतर मिरजेला जातो. पुढच्या दवाखान्यात काय होतं यावर सगळे बोलतात. पेशंट वाचतो की नाही हे मात्र बऱ्याचदा पहिल्या दारातच ठरतं. कॅज्युअल्टीत, अँब्युलन्सवर, भुलीच्या खोलीत काम करणाऱ्यांनी इथं लिहावं: काय करायचं, किती करायचं, चूक कुठं होते. पेशंटची ओळख नको, दवाखान्याचं नाव नको.

तालुक्याचा मेडिकल ऑफिसर, खानापूर भाग

सर्पदंशापासून सुरुवात करतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट सगळ्यांना पाठ असते, पण नीट केलेली क्वचित दिसते. शिरेतून ताजं 2 मिली रक्त काचेच्या नव्या, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं. ट्यूब स्टँडला लावायची, घड्याळ लावायचं आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष धरून चालायचं.

टेस्ट फसते ती ट्यूबमुळे. रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग लागतो. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये, किंवा साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या काचेत, चांगलं रक्तही गोठत नाही. मग विष नसलेल्या पेशंटला सर्पविषावरची लस (अँटीव्हेनम) जाते. दुसरी चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी कोणीतरी ट्यूब हलवून बघतो.

20 मिनिटांनी रक्त गोठलं नाही की लशीच्या 10 व्हायल (बाटल्या) सुरू करायच्या. लहान मुलालाही 10च, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. कमी करायचं ते सलाईनचं पाणी, लस नव्हे. पावडरच्या व्हायलमध्ये 10 मिली पाणी घालून ती हातात गोल फिरवायची. खळाखळा हलवली की फेस होतो आणि औषध फेसात अडकतं. एका तासात डोस संपवायचा. लशीची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनालिन 0.5 मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं, कपाटात नव्हे. पुढची टेस्ट सहा तासांनी, कारण गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला लिव्हरला तेवढा वेळ लागतो. दोन तासांनी टेस्ट करून 'लस लागू पडली नाही' म्हणणं चूक.

आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरचीच आहे. आमच्या जंगलपट्टीतल्या चापडा या विषारी सापावर ती चालत नाही. साप मारून आणू नका, लांबून मोबाईलवर फोटो काढता आला तर पुरे. आणि हो, 2024 पासून कर्नाटकात प्रत्येक सर्पदंश कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा रजिस्टर कोरं ठेवू नका.

भूलतज्ज्ञ, बेळगाव

वरच्या लिखाणात मण्यार राहिली, आणि खरी फसवणूक तिचीच. पेशंट रात्री जमिनीवर झोपलेला असतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही, रक्त व्यवस्थित गोठतं. पहाटे पोटात कळ, उलटी, घसा धरल्यासारखा. त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळतं आणि तो घरी जातो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी करायला लावा: वर बघ, उशीवरून मान उचल, एका श्वासात आकडे मोज. पापणी पडत असेल, मान उचलत नसेल, किंवा मघाशी तीसपर्यंत मोजणारा आता बारावर थांबत असेल, तर श्वास जाणार आहे.

अशा वेळी स्नायूंची ताकद परत आणायला निओस्टिग्मिन 1.5 मिलिग्रॅम, त्याआधी नाडी मंदावू नये म्हणून ॲट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम. नागाच्या विषाला फरक दिसतो. मण्यारीला बहुतेक वेळा दिसत नाही, कारण तिचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. तिथं लशीबरोबर श्वास देत राहणं हाच उपचार, कधी कधी कित्येक दिवस. पेशंट डोळे उघडत नाही म्हणून त्याला बेशुद्ध समजू नका, त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या कानाशी बोला.

कॅज्युअल्टी सिस्टर

आपल्याकडं एक शब्द फार गोंधळ घालतो: औषध. 'औषध घेतलंय' म्हणजे बीपीची गोळी की फवारणीचं? कन्नडमध्येही 'औषधि'च. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मराठी येत नसेल, नातेवाइकांना कन्नड येत नसेल, तर हा शब्द तसाच कागदावर उतरतो. म्हणून विचारायचं : पिकावरचं का? किडीचं की तणाचं? कोणत्या डब्यातलं? डबा मागवायचाच. त्रिकोणाचा रंग किती विषारी ते सांगतो, कोणत्या जातीचं ते सांगत नाही, त्यामुळं नाव वाचावं लागतं.

ही जात का महत्त्वाची? ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर ऑक्सिजन आणि उतारा म्हणून ॲट्रोपिन. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर ऑक्सिजन फुफ्फुसाचं नुकसान वाढवतो. सॅच्युरेशन खरंच खाली गेल्याशिवाय तो लावायचा नाही. पॅराक्वाटचा पेशंट पहिल्या दिवशी बसून बोलत असतो, फक्त तोंड सोललेलं असतं. तो बरा दिसतो म्हणून घरी सोडू नका, किडनी आणि फुफ्फुस पुढच्या दिवसांत जातात.

ॲट्रोपिनचं : अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमची. सुरुवातीला तीन ते पाच, दर पाच मिनिटांनी दुप्पट. थांबायचं ते छाती स्वच्छ झाल्यावर, काख कोरडी झाल्यावर, नाडी 80 च्या वर गेल्यावर. डोळ्याची बाहुली मोठी होण्याची वाट बघायची नाही. पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, तर जास्त झालंय. कपडे काढून साबणानं धुणं आमच्याकडं 'मग करू'वर जातं. केस आणि नखांतलं विष तोवर आत जात राहतं. धुणाऱ्यानं ग्लोव्ह्ज घालावेत.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या पेशंटची दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सगळं शांत असताना, मान उशीवरून उचलेना झाली तर लगेच कळवा. वॉर्डातले मृत्यू इथं होतात.

निपाणी भागातले जनरल प्रॅक्टिशनर

सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून. तंबाखूच्या दिवसांत दवात भिजलेली ओली पानं हाताळणाऱ्या बायका उलट्या, घाम, लाळ, गरगर घेऊन येतात. विषबाधेसारखंच दिसतं. निकोटिन पाण्यात विरघळून कातडीतून जातं. फवारणी झाली नव्हती ना ते विचारा. छाती स्वच्छ, ओले कपडे अंगावर, असं असेल तर कपडे बदलणं, साबणानं धुणं, उलटीचं इंजेक्शन, सलाईन. बहुतेकींना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. ॲट्रोपिनची घाई नको, पण छातीत घरघर असेल तर विषबाधाच धरा.

अँब्युलन्सवरचा ईएमटी (आणीबाणीचा तंत्रज्ञ)

दोन गोष्टी. बी टाईप सिलिंडर भरलेला असताना त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटर लावला तर अडीच तास, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, त्यात ट्रॅफिक. हिशेब निघण्याआधी करा, आणि सिलिंडरचा पाना दोरीनं सिलिंडरलाच बांधा.

अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) पाच-सहा सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस सेकंदाला एक देतो, पोटात हवा भरते, उलटी फुफ्फुसात जाते. तोंडानं 'एक, दोन, तीन, चार, दाब' म्हणा.

गुऱ्हाळाच्या पट्ट्यातले सर्जन

थोडक्यात. गुळाच्या काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस उकळत्या पाण्यापेक्षा तापलेला असतो आणि चिकटून बसतो. ओढून काढू नका, वाहतं गार पाणी 20 मिनिटं. हळद, टूथपेस्ट नको. कडबाकुट्टीत तुटलेलं बोट सलाईनच्या ओल्या गॉजमध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फात ठेवलेलं बोट गोठून मरतं.

पुन्हा मेडिकल ऑफिसर

शेवटी पेशंट पुढं पाठवतानाची चिठ्ठी. सीमा ओलांडून कोल्हापूरला पाठवताना विषबाधेची एमएलसी (पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद) इथंच नोंदवून तिची प्रत सोबत द्या, पण त्यासाठी उपचार थांबवू नका. सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच ते स्पष्ट केलंय. चिठ्ठीवर 'फर्स्ट एड दिलं' लिहू नका. 'दंश पहाटे 3, टेस्ट 4.10 ला, गोठलं नाही, 10 व्हायल 4.35 ला सुरू, 5.40 ला संपल्या, पुढची टेस्ट 10.35 ला' असं लिहा. आणि निघताना समोरच्या कॅज्युअल्टीला फोन करून व्हेंटिलेटर रिकामा आहे का ते विचारा.