तुम्हाला कडू लागतं का? जिभेच्या वारशाचे अनुभव

कागदाची एकच पट्टी अर्धी अर्धी फाडून दोघांनी जिभेवर ठेवायची. एक जण चूळ भरायला धावतो आणि दुसरा शांतपणे विचारतो, "यात काही होतं का?" हे ज्यांनी समोर घडताना पाहिलंय, त्यांच्यासाठी हा धागा.

1931 सालची गोष्ट. ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणारे रसायनतज्ज्ञ आर्थर फॉक्स फेनिलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी, नावाची पावडर बाटलीत भरत होते. थोडी पावडर हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी तोंड कडू झालं म्हणून कुरकुरू लागला. फॉक्स तर पावडरीच्या अगदी जवळ, पण त्यांना काहीच लागेना. दोघांनी ती चाखून पाहिली, तरी दोघे आपापल्या म्हणण्यावर ठाम! मग घराण्यांच्या तपासण्या झाल्या आणि हा फरक वारशाने येतो हे दिसलं. 2003 मध्ये त्यामागचं मुख्य जनुकही सापडलं: सातव्या गुणसूत्रावरचं टीएएस2आर38.

शाळेत, कॉलेजात किंवा घरी तुम्ही असं काही करून पाहिलं असेल, तर सविस्तर लिहा. वर सांगितलेली पीटीसी लावलेली पट्टीच हवी असं नाही. फक्त शुद्ध पीटीसी पावडर कुणी हाताळू नका, ती विषारी आहे. तयार पट्टीवर तिचा अगदी सूक्ष्म अंश असतो.

*

मी जीवशास्त्र शिकवते. हा प्रयोग दरवर्षी घेते आणि त्यात सगळ्यात जास्त काळजी मला कागदाची नाही, चेहऱ्यांची घ्यावी लागते. पहिल्या बाकावरच्या एकाने तोंड वाकडं केलं की मागच्यांनाही कडू लागायला लागतं. म्हणून आधी साधी, काहीही न लावलेली पट्टी देते. ती कोणती हे सांगत नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि मगच तोंड उघडायचं. साध्या कागदालाही 'किंचित कडू' म्हणणारी मुलं निघतात, आणि प्रयोगाला तुलनेची जोड का लागते ते त्यांना तिथेच कळतं. जीभ कोरडी असेल तर चव उतरत नाही, तेव्हा पट्टी लाळेने नीट भिजू द्यायची.

खऱ्या पट्टीनंतर वर्गाचे ढोबळ तीन भाग पडतात. काहींना कागदाचीच चव, काहींना कडवट, आणि काहींना अगदी कडूजहर. पाठ्यपुस्तकात मात्र दोनच गट असतात: कळणारे प्रभावी, न कळणारे अप्रभावी. आईवडील दोघांनाही चव कळत नसेल तर मुलालाही कळणार नाही, असा सरळ हिशेब. हा हिशेब बऱ्याचदा जुळतो, पण नेहमी नाही. या जनुकाची दोन रूपं सर्रास आढळतात, पण मधली रूपंही आहेत आणि बाकीच्या जनुकांचाही थोडा हात असतो. डीएनए चाचणी येण्याआधी पितृत्व ठरवायलाही पीटीसीचा आधार घेतला गेला होता! म्हणून मी पट्ट्या घरी नेऊ देत नाही. दत्तक मूल, सावत्र पालक अशी कितीतरी घरं वर्गात असतात. एखाद्या मुलाने कागदाच्या तुकड्यावरून आपल्या आईवडिलांबद्दल शंका घ्यावी, हे मला अजिबात चालणार नाही. वंशवृक्ष काढायचाच असेल तर मी काल्पनिक कुटुंब देते.

*

मला पीटीसीची चव कळत नाही, मुलीला कळते. कोबीवरून आमच्याकडे जी रस्सीखेच चालायची तिचा उलगडा त्या पट्टीने केला. मला कोबी गोडसर लागतो, आणि ती एकेक जाड शीर वेचून ताटाच्या कडेला लावायची. कोबी, ब्रोकोली या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात. त्यांच्यापासून बनणाऱ्या काही पदार्थांच्या रेणूत पीटीसीसारखाच नायट्रोजन-कार्बन-गंधक असा तुकडा असतो. म्हणजे एका ताटात बसूनही आम्ही दोघं दोन वेगळ्या भाज्या खात होतो. त्यात, जनुकाचं एक कळणारं आणि एक न कळणारं रूप असलेल्या मुलांना, हीच दोन रूपं असलेल्या मोठ्यांपेक्षा कमी प्रमाणातला कडूपणाही जाणवतो, असं अभ्यासात दिसलंय. आता मी कोबी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देतो, त्याबरोबर बरीचशी कडू संयुगं निघून जातात. शिरा अजूनही कडेला जातात, पण बाकीचा खाल्ला जातो. त्याला आम्ही कुणी नखरे म्हणत नाही.

*

मला क्विनाइन कडू लागतं, कॉफीही कडू लागते, पीटीसी मात्र शून्य. मैत्रिणीला वाटलं माझी जीभच बधिर आहे. तसं नसतं. माणसात कडू ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक, म्हणजे चवीचे रेणू टिपणारी प्रथिनं, असतात आणि माझा त्यातला एकच वेगळा आहे.

*

आम्ही भावंडांनी निळ्या जिभेचा प्रयोग केला. खाण्याचा निळा रंग कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकाला लावायचा, एकदा चूळ भरायची, कागदाला पंचने छिद्र पाडून तो जिभेवर टेकवायचा आणि भिंगातून बघायचं. बाकीची जीभ निळी होते, पण चवीच्या कळ्या असलेले छत्राकृती उंचवटे रंग धरत नाहीत. ते गुलाबी, गोल, फुगीर ठिपके म्हणून उठून दिसतात. माझ्या छिद्रात ते सुटेसुटे होते. भावाच्या छिद्रात एकमेकांना इतके खेटून की मोजताना बोट कुठे ठेवावं कळेना. मोबाईलवर फोटो काढून, मोठा करून मोजणं बरं पडतं, कारण जीभ काही स्थिर राहत नाही.

ज्यांना कडू असह्य होतं अशांना अमेरिकन संशोधक लिंडा बार्टोशुक यांनी 'सुपरटेस्टर' म्हटलं, आणि त्यांच्या जिभेवर हे ठिपके दाट असतात असं मांडलं. नंतरच्या काही अभ्यासांत हे नातं तितकं घट्ट दिसलं नाही. आमच्याकडेही ठिपके भावाचे दाट, पण पट्टी जास्त कडू लागली ती मला. तरी एवढ्या जवळून स्वतःची जीभ पाहणं हाच एक अनुभव आहे, जरूर करा. जिभेचे भाग पाडून 'कडू फक्त मागे कळतं' असं दाखवणारं जुनं चित्रही याच वेळी तपासता येतं. पट्टी टोकाला ठेवा, तिथेही कडू लागतं.

*

आई, बाबा आणि मला चव कळते, धाकट्या बहिणीला नाही. तिला आधी वाटलं आम्ही तिघं मिळून तिची थट्टा करतोय. आईबाबा दोघांकडे न कळणारं रूप एकेक लपलेलं असेल, तर प्रत्येक मुलाला ती दोन्ही मिळण्याची शक्यता चारात एक असते, हे कागदावर चौकट काढून दाखवलं तेव्हा तिला पटलं.

आणखी एक सोपा प्रयोग. साखर न घातलेल्या काळ्या कॉफीचे दोन कप घ्या, एकात कणभर मीठ टाका आणि कोणता कोणता हे न सांगता चाखायला द्या. मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं. मला तो फरक चटकन कळला, बहिणीलाही कळला, कारण कॉफीतल्या कडूपणाचा पीटीसीच्या ग्राहकाशी फारसा संबंध नाही. पट्टी जिभेवर असताना मीठ लावून कुणी पाहिलंय का? पाहिलं असेल तर पट्टी कितपत कडू लागते हेही लिहा.