लंगोट, दुपटी आणि कापडी डायपर : तुमचे अनुभव लिहा

अबोली_चिपळूण
भाचीच्या डोहाळजेवणाला तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी कापडी डायपरचा अख्खा संच दिलाय. रंगीबेरंगी, हत्ती-जिराफांचे, पुढे बटणंच बटणं. तिनं विचारलं, "मावशी, हे धुवायचे कसे गं?" आणि मला एकदम आमची चिपळूणची पडवी आठवली. धाकटा भाऊ जुलैतला. पाऊस नुसता ओततोय, दोरीवरचं एक फडकं वाळेल तर शपथ. आजी कोळशाच्या शेगडीवर बांबूची मोठी टोपली पालथी घालायची, वर लंगोट पसरायची आणि निखाऱ्यात चिमूटभर ओवा टाकायची. घरभर तो वास. लंगोट आजोबांच्या धोतराचे. धोतर जितकं विरलेलं तितकं मऊ, त्यामुळे आजोबांच्या धोतरावर सगळ्यांचा डोळा असायचा.

माझ्या मुलींना घरात लंगोट आणि बाहेर जाताना विकतचे, वापरून फेकायचे डायपर असं चाललं. या नव्या बटणवाल्यांतलं मला ठार काही कळत नाही. वापरलेत त्यांनी लिहा: किती घ्यायचे, धुवायचे कसे, पावसाळ्यात काय करायचं, आणि मूल मोठं झाल्यावर ते विकले जातात का. जुन्या लंगोटवाल्यांनीही लिहा.

रानजाई
लेक पॉटीवर बसायला लागेपर्यंत वापरले. झोपलाय तोवर पटापट लिहिते.
नवे कोरे तसेच घालू नका. आतल्या सुती किंवा बांबूच्या घड्या चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतात. लोक पहिल्याच दिवशी घालतात, गळतं, मग म्हणतात डायपर भिकार.
घड्या मायक्रोफायबरच्या असतील तर त्या कायम डायपरच्या आतल्या खिशात. थेट अंगाला लावल्या तर कातडीतला ओलावासुद्धा ओढून घेतात.
मांडीचं इलॅस्टिक जांघेत बसलं पाहिजे, मांडीवर नाही. निम्मी गळती त्यानेच होते.
दोन-तीन तासांनी बदलायचाच. विकतचा जेलवाला रात्रभर चालतो, तो हिशेब इथे लावू नका.
कंडिशनर अजिबात नको, कापडावर थर बसतो आणि पाणी वरच्या वर ओघळतं.
बादलीत भिजवून ठेव
उठला

सुमनआजी_वाई
एवढं काय शिकायचं त्यात. सकाळी मोरीत बसायचं, आधी गार पाण्यात खळबळून घ्यायचे, मग साबण, मग तपेल्यात उकळत्या पाण्यात. उन्हात घालायचे. बाळाचे कपडे फार पिळायचे नाहीत, बाळाच्या पोटात दुखतं म्हणतात. आणि तिन्हीसांजेच्या आत आत घ्यायचे. हे दोन्ही माझ्या सासूबाईंनी सांगितलं, मी सुनेला सांगितलं, सुनेनं ऐकलं नाही, नातू ठणठणीत आहे.

खट्याळ_काका
आजी 😂😂 शेवटच्या वाक्याला दंडवत

रानजाई
हां, तर. बादलीत भिजवून ठेवायचे नाहीत. लंगोट ठेवा, पण या डायपरच्या बाहेरच्या कापडाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याला पीयूएल म्हणतात. दिवसभर पाण्यात पडून तो सुटतो, इलॅस्टिक मरतं, वास वेगळाच. खळबळून जाळीच्या टोपलीत टाकायचे आणि एक दिवसाआड मशीन. म्हणून पंधरा-अठरा हवेत. त्याहून कमी असले तर रोज धुणं. आजी, हे उकळायचे नाहीत हं, इस्त्रीही नाही. घड्या सुती असतील तर त्या उकळल्या तरी चालतात.

उदगीरकर
सगळं बरोबर आहे पण पाणी कुठून आणायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. बायकोनं शक्कल काढली होती, शेवटच्या खळबळीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खळबळीला. एप्रिल-मे मात्र सरळ विकतचे डायपर वापरले आणि त्याबद्दल आम्हाला कुणी शिकवायला येऊ नये.

अबोली_चिपळूण
उदगीरकर, कोणी नाही शिकवत हो. पाणी नसेल तिथे काय करणार. भाची ठाण्यात आहे, पाणी आहे पण गॅलरी एवढीशी.

ऊन्हातली
आमच्या नागपुरात या वाळवायला. मे महिन्यात घडी टाकून चहा करून येईपर्यंत कडक! पण कव्हरं, म्हणजे बाहेरचं कापड, सावलीतच टाका बाप्पा, तेवढ्या उन्हात प्लास्टिकचा थर तडकते. घड्या उन्हात, ओल्या असतानाच. पिवळे डाग साबणाने जात नाहीत ते उन्हाने जातात, खरंच. अंगावरच्या दुधाच्या बाळाचे तर हमखास.

जाई_लीड्स
इथे उन्हाचा प्रश्नच नाही 😄 हिवाळ्यात हीटरच्या खोलीत कपड्यांचा स्टँड लावून घड्या वाळवायचे, दीड दिवस लागायचा. कव्हरं हीटरवर थेट टाकायची नाहीत, इलॅस्टिक जातं. मशीन ६० अंशांवर, आधी गार पाण्याचा एक छोटा फेरा. इथे नॅपी लायब्ररी असते, तिथून वेगवेगळ्या प्रकारचे थोडे दिवस वापरायला मिळतात आणि मग आपल्या बाळाला बसेल ते घ्यायचं. काही काउन्सिल कापडी नॅपीसाठी व्हाउचर पण देतात. आपल्याकडे कुणीतरी अशी लायब्ररी काढायला पाहिजे, संच आधीच घेऊन बसल्यावर कळतं की बाळाच्या मांड्या बारीक आहेत.
आई आली होती बाळंतपणाला, तिने बॅगेतून चाळीसेक लंगोट आणले. कस्टमवाल्यानं एक उचलून बघितला आणि काही न विचारता ठेवून दिला.

खट्याळ_काका
त्रिकोणी होता का? त्याला वाटलं असेल झेंडा

मी_पल्लवी
रात्री काय करता?? आमची रात्री भिजतेच. आणि सकाळी डायपर काढला की असा वास येतो की डोळ्यात पाणी

रानजाई
रात्री दोन घड्या, शक्यतो हेम्पच्या (भांगेच्या धाग्याच्या) किंवा बांबूच्या. मायक्रोफायबर दाबलं की पाणी सोडतं, पालथं झोपणाऱ्या मुलांना तर नकोच. डोळ्यात पाणी आणणारा वास अमोनियाचा. सकाळी काढल्या काढल्या नळाखाली धरा, टोपलीत तसाच टाकू नका.

निसर्गवेडी
पल्लवी, रिठ्याच्या पाण्यात धुवा. केमिकल नको बाळाच्या अंगाला.

वॉशिंगमशीनवाला_बाबा
नम्र असहमती. आमच्या घरी कपडे मीच धुतो म्हणून बोलतो. रिठ्याने फेस येतो पण लघवीचा अंश निघत नाही, तो साठत जातो आणि तोच वास मारतो. बऱ्याच जणी बाळाचं म्हणून पावडर अर्धी टाकतात, त्याने उलट होतं. साधी नेहमीची पावडर, पुरेशी, आणि मग भरपूर पाण्यात खळबळा. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी वाईट, पावडर पाण्यातच खर्ची पडते. त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाका. मशीन गच्च भरू नका, घड्या एकमेकींवर घासल्या पाहिजेत. अँटिसेप्टिक लिक्विड पण नको, कातडीला चरचरतं.

निसर्गवेडी
आमच्याकडे तर रिठ्यानेच धुतले सगळे. ज्याचं त्याचं.

मी_पल्लवी
बोअरचंच पाणी आहे आमच्याकडे!! सोडा आणते. थँक्यू बाबा

गार्गी_दादर
वॉशिंगमशीनवाला_बाबा तुमच्या बायकोला सांगा ती नशीबवान आहे. माझ्याकडे "त्यात आपले कपडे धुतो आपण" म्हणून मशीनला हात लावू दिला नव्हता. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वहिनी शीचे कपडे मी नाही करणार. मग उरलं कोण.

वॉशिंगमशीनवाला_बाबा
शी आधी जेट स्प्रेने संडासात उडवायची. मशीनमध्ये जातं तेव्हा त्यात काही नसतं. वरचं अन्न सुरू झालं की शी घट्ट होते, नुसती झटकली तरी पडते. घट्ट होईपर्यंतचे मधले काही आठवडे कठीण, त्याबद्दल न बोललेलं बरं.

हिशेबी_मनुष्य
आकडे मांडतो. विकतचा डायपर १२ रुपये, दिवसाला ६, महिन्याला २१६०. कापडी ४०० चा एक, १५ घेतले तर ६०००. तिसऱ्या महिन्यात वसूल.

गार्गी_दादर
त्यात सासूबाईंच्या मनगटाचे पैसे धरले का? मी कामावर जायला लागल्यावर सगळं धुणं त्यांच्यावर. संधिवात आहे. एक दिवस त्यांनी न बोलता बाम लावला आणि मी त्याच संध्याकाळी मोठा पुडा घेऊन आले. त्या म्हणाल्या अगं असू दे, पण असू द्यायचं नव्हतं मला.

अबोली_चिपळूण
गार्गी ❤️ बरं केलंस.

हिशेबी_मनुष्य
मान्य. मनगट धरलं नव्हतं.

शुश्रूषा_सोलापूर
नवजात विभागात नर्स आहे, ड्युटी संपली म्हणून लिहिते. कापडी असो नाहीतर विकतचा, ओला राहिला की रॅश येणारच. रॅश आली की काही वेळ बाळाला तसंच उघडं ठेवा, खाली दुपटं. झिंकचं किंवा पेट्रोलियम जेलीचं क्रीम लावलं तर मध्ये मलमलची पट्टी टाका, नाहीतर क्रीम घडीला चिकटून ती पाणी शोषत नाही. लालभडक, कडेला बारीक पुरळ आणि जांघेच्या घडीत पण पसरलेलं दिसलं तर बुरशी असू शकते, तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.
आणि "जाड लंगोटाने पाय फेंगडे होतात" हे कृपया बंद करा. बाळांचे पाय जन्मतः थोडे वाकलेलेच असतात. खुब्याला त्रास होतो तो पाय सरळ करून दुपट्यात करकचून गुंडाळल्याने. तसं मात्र करू नका.

सुमनआजी_वाई
करकचून गुंडाळलं की झोपतात छान

शुश्रूषा_सोलापूर
आजी हात गुंडाळा, पाय मोकळे सोडा 🙏

पुणेरी_पाटी
विकतचे वापरणाऱ्यांसाठी: ओल्या कचऱ्यात टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंनी ही लाल ठिपक्याची मोहीम सुरू केली ती उगीच नाही, त्यांना हाताने वर्गीकरण करावं लागतं. आमच्या सोसायटीत चार शिकलेली घरं अजून तसाच उघडा टाकतात. घरं कोणती ते सांगत नाही, लिफ्टमध्ये भेट होते.

म्हापशाची_माई
कुणाकडे कुंचीचं माप आहे का? झबलं-टोपडं जमतं मला पण कुंची पाठीवर चढते. सोयऱ्यांकडे बारसं आहे.

सुमनआजी_वाई
माई, गळ्याला चुणी जास्त घेतेस तू. विपु (विचारपूस) करते.

अबोली_चिपळूण
विकण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. भाचीचं म्हणणं मैत्रिणींना वाईट वाटेल, पण मूल मोठं झाल्यावर ठेवून करणार काय?

तोडकर_वहिनी_कोल्हापूर
मी विकले आणि घेतले पण. घेताना हे बघायचं. इलॅस्टिक ओढून सोडा, झटकन आत आलं पाहिजे. कव्हर उजेडासमोर धरा, आतला थर फुगलेला किंवा सुटलेला दिसला तर नको, तो दुरुस्त होत नाही. इलॅस्टिक बदलता येतं, मी आमच्या टेलरकडे नेले तर तो म्हणाला वहिनी ब्लाउज आणा काही पण आणा, हे नको. शेवटी घरीच बसवलं.
वेल्क्रोवाले जुने घेऊ नका, कड गेलेली असते आणि मशीनमध्ये एकमेकांना चिकटून माळ होते.
विकताना डाग असतील तर डाग आहेत असं फोटोसकट सांगा. ३५०-४०० चा मी दीडशेला दिला, चांगला असून. त्याच्या वर कुणी घेत नाही. सुटे विकले जात नाहीत, पाच-सहाचा गठ्ठा करा. घेणारीनं घरी आणून घड्या गरम पाण्यात पावडर टाकून एकदा धुवाव्यात आणि दिवसभर उन्हात.

गार्गी_दादर
दुसऱ्याच्या बाळाचे... कसंतरी नाही वाटत?

तोडकर_वहिनी_कोल्हापूर
अगं बारशापर्यंत आपण दुसऱ्याच्या बाळाची जुनी झबलीच घालतो की! मागून आणतो वर. त्यात आणि यात काय फरक. फारच वाटत असेल तर कव्हरं जुनी घे आणि घड्या नव्या. जुन्या सुती साडीच्या पण होतात.

मी_पल्लवी
+१ आईच्या साडीच्या केल्यात मी. कडेला टीप मारायची, नाहीतर धाग्यांचा गुंता

रानजाई
मुंबई-ठाण्याकडे कुणाला हवे असतील तर माझ्याकडे आहेत, डोंबिवलीत. लेकाचं काम झालं. बारा चांगले. आणखी दोनांचं इलॅस्टिक सैल आहे, ते असेच फुकट देईन.

सायली_कळवा
मला हवेत! सातवा लागलाय. बटणं की वेल्क्रो?

रानजाई
बटणं. घड्या काही सुती, काही मायक्रोफायबर, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते. धुऊन देते पण तू परत धू.

सायली_कळवा
शनिवारी नवऱ्याला पाठवते, मला लोकल झेपत नाही आता. पूर्वेला की पश्चिमेला?

रानजाई
पूर्वेला. विपुत पत्ता टाकते. संध्याकाळी पाचनंतर पाठव, दुपारी हा झोपतो आणि बेल वाजली की संपलं.