आउटबोर्ड मोटार तापली की खालच्या सिलिंडरची ठिणगी जाते: दोष पल्सर कॉइलमध्ये की सीडीआयमध्ये? मदत हवी आहे

नमस्कार,

दारणा धरणाच्या जलाशयात जाळी टाकण्यासाठी आम्ही फायबरची होडी वापरतो आणि तिला 25 अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटार आहे. ती कोकणातून वापरलेली घेतल्यामुळे तिचे आधीचे आयुष्य खाऱ्या पाण्यात गेले आहे. नाशिकमध्ये मोटारसायकलचे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत, पण आउटबोर्डचे काम जाणणारा कोणी मला अद्याप भेटलेला नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

थंड मोटार पहिल्या-दुसऱ्या ओढीतच सुरू होते आणि उत्तम चालते. भर वेगात अर्धा-पाऊण तास गेल्यावर मात्र एकाएकी जोर निम्म्यावर येतो, आवाज बदलतो आणि दोन्ही प्लगांच्या तारांवर लावलेल्या स्पार्क टेस्टरपैकी खालचा दिवा लुकलुकायचा थांबतो. मोटार निवली की तो पुन्हा लागतो. अंगणातील ड्रममध्ये पाणी भरून कितीही वेळ हळू चालवली तरी दोष दिसत नाही. होडी काठाला बांधून, गिअर टाकून, भार देऊन चालवली तेव्हाच तो दिसला.

प्लग नवे आहेत आणि दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे. इग्निशन कॉइलची वर-खाली अदलाबदल केली, तरी ठिणगी खालचीच जाते, म्हणजे कॉइल निर्दोष मानायला हरकत नाही. अर्थिंगच्या जोडांवर चढलेला हिरवा थर पूर्ण घासून काढला. बंद करण्याच्या स्विचची तार सीडीआयपासून (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खोक्यापासून) सोडवूनही मोटार चालवून पाहिली (अशा वेळी ती बंद करण्यासाठी चोक ओढावा लागतो), तरीही फरक पडला नाही. तसा तो पडेल असे मला वाटतही नव्हते, कारण त्या तारेत दोष असता तर दोन्ही ठिणग्या गेल्या असत्या. सीडीआयला वीज पुरवणाऱ्या चार्ज कॉइललाही हाच न्याय लागू होतो. चालत्या मोटारीच्या प्लगची टोपी काढून पाहा, असे अनेक जण सुचवतात. पण उघड्या तारेमुळे सीडीआय जळण्याचा धोका असल्याने तो प्रयोग मी केलेला नाही आणि इतरांनीही करू नये.

आमच्या मॅग्नेटोत (फ्लायव्हीलखाली वीज तयार करणाऱ्या भागात) प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र पल्सर कॉइल, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवणारी कॉइल, आहे. मल्टीमीटरने थंड असताना दोन्हींचा प्रतिकार जवळपास सारखा येतो आणि मोटार तापल्यावर तो दोन्हींचा साधारण सारखाच वाढतो. तांब्याचा प्रतिकार दर 10 अंश सेल्सिअसला सुमारे 4 टक्के वाढत असल्याने एवढ्या वाढीवरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय मोजमाप मोटार थांबल्यावर होते. उष्णतेबरोबर थरथर असतानाच उघडणारी बारीक चीर अशा मापात सापडणार कशी?

यावर मला सुचलेली चाचणी अशी : पल्सरच्या दोन्ही तारा सीडीआयवर एकमेकींच्या जागी जोडायच्या आणि त्याच वेळी सीडीआयमधून इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या तारांचीही अदलाबदल करायची. त्यामुळे ठिणगीची वेळ बदलणार नाही, मात्र खालच्या सिलिंडरचा पल्सर सीडीआयच्या दुसऱ्या भागातून काम करील. त्यानंतरही तापल्यावर खालचीच ठिणगी गेली तर दोष पल्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. वरची गेली तर सीडीआयमध्ये. एकच बाजू बदलली तर ठिणगी अर्ध्या फेऱ्याने चुकेल, हे मला माहीत आहे.

अशी दुहेरी अदलाबदल कोणी प्रत्यक्ष केली आहे का आणि तिच्यामुळे सीडीआयला काही धोका संभवतो का? पल्सरचा चालत्या मोटारीवरील विद्युतदाब (व्होल्टेज) साध्या मल्टीमीटरवर नीट दिसत नाही, त्यासाठी शिखरदाब मोजणारा अडॅप्टर लागतो. तो कोणत्याही मल्टीमीटरला चालतो की ठरावीकच घ्यावा लागतो? आणि दोष पल्सरमध्येच निघाला तर सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या रिवाइंडिंगवाल्याकडून तो भरून घेणे टिकाऊ ठरेल का? फ्लायव्हीलखालच्या उष्णतेत टिकण्यासाठी कोणते वार्निश किंवा रेझिन वापरायला सांगावे, हेही अनुभवी मंडळींनी कळवल्यास उपकार होतील.