३५ इंची टायर टाकले आणि जीपला दम लागला: ४.५६ घेऊ की ४.८८?

डेन्वरकर

मंडळी, जरा मदत करा. पोस्ट लांबणार आहे, पण आकडे दिल्याशिवाय कुणी नेमकं काही सांगू शकणार नाही.

गाडी २०१४ ची जीप रँग्लर, चार दारांची स्पोर्ट. ३.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, ५ स्पीड ऑटोमॅटिक. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली तेव्हा कंपनीच्या मापाचे २२५/७५ आर १६ टायर होते, उंची २९.३ इंच. मार्चमध्ये अडीच इंचांची लिफ्ट करून ३१५/७० आर १७ टाकले. दुकानात याला ३५ इंची म्हणतात, हिशेबाने ३४.४ भरतात. दिसायला गाडी अशी झाली की गल्लीतली पोरं फोटो काढून घेतात. चालवायला मात्र रया गेली.

आम्ही दर शनिवारी आय-७० हायवेने डोंगरात जातो. डेन्वरच मुळात ५,२८० फुटांवर. परतताना सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत ७ टक्क्यांचा चढ लागतो, आणि बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. तिथे गाडी पाचव्यातून चौथ्यात, चौथ्यातून तिसऱ्यात, पुन्हा चौथ्यात असा खेळ करत राहते. आई सध्या इथे आली आहे. मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, हिला दमा आहे का?"

चासी नंबरवरून एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ३.२१ कळला. तरी खात्री करून घेतली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एकच चाक उचललं, गियर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली आणि उचललेलं चाक हाताने दोन फेरे फिरवलं (एकच चाक फिरतं तेव्हा दोन फेऱ्यांचा एक धरायचा). खूण तीन फेरे करून पाव फेऱ्याच्या जरा अलीकडे थांबली. म्हणजे ३.२१ च.

आता प्रश्न. टायर १७ टक्के उंच झाले, म्हणून ३.२१ ला १.१७४ ने गुणलं तर ३.७७ येतं. मग ३.७३ चं क्राऊन-पिनियन (एक्सलमधली, रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) पुरेल ना? सगळे ४.५६ आणि ४.८८ च्या गोष्टी का करतात? दुसरं, फक्त मागचा एक्सल केला तर चालेल का? दुकान दोन्हींचे २,६०० डॉलर सांगतंय. तिसरं, हे काम घरी होण्यासारखं आहे का? मी सॉफ्टवेअरवाला, पण ब्रेक आणि वॉटर पंप स्वतः बदललाय.

नुसताच वाचक

माझा एक बाळबोध प्रश्न. रेशोचा आकडा वाढला की गाडी जोरात पळते की ओढते? इंग्रजीत हे लोक ४.८८ ला 'लोअर' म्हणतात, माझं डोकं गरगरतं.

शिमवाला

@नुसताच वाचक, 'लोअर-हायर' विसरा, मराठीत सरळ 'मोठा आकडा' म्हणा. गियरची सायकल आठवा. चढाला मागची मोठी चकती लावता: पाय जास्त मारावे लागतात, पण चढ चढतो. ४.८८ म्हणजे ती मोठी चकती. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे.

@डेन्वरकर, तुमचा गुणाकार बरोबर आहे, सुरुवातच चुकली आहे. ३.७७ ने तुम्ही मूळ गाडीइतके होता. पण मूळ गाडी तरी कुठे धड होती? ३.२१ हा सपाट हायवेवर पेट्रोल वाचवायला दिलेला रेशो. याच गाडीला ३.७३ चा पर्याय होता, रुबिकॉनला ४.१० यायचा. शिवाय ३५ चं टायर नुसतं उंच नसतं, जड असतं, आणि ते वजन फिरवायचं असतं. ३.७३ पासून हिशेब धरलात तर ४.३८ येतो. तो आकडा बाजारात मिळत नाही, म्हणून वरचा ४.५६. त्यात तुमची उंची मिळवा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी तुमचे २८५ घोडे दोनशेच्या आसपास उरतात.

आरपीएम काढायचं सूत्र सोपं आहे: ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. टॉप गियरसाठी आलेल्या आकड्याला पुन्हा ०.८३ ने गुणायचं. ६५ मैलांना तुमचं इंजिन आत्ता १,६९० च्या आसपास फिरतंय. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४,८०० ला येतो, १,७०० ला ते झोपेत असतं. म्हणून गिअरबॉक्स बिचारा सारखा खाली धावतो. ४.१० ने २,१६०, ४.५६ ने २,४००, ४.८८ ने २,५७० होतील. ५.१३ ने २,७००, ते मी तरी ३७ इंची टायरवाल्यांसाठी ठेवीन.

माझं मत ४.८८. कारण तुमचा रस्ता चढाचा आहे. कॅन्ससच्या सपाटीवर राहत असतात तर ४.५६ म्हटलं असतं.

फक्त मागचा? अजिबात नाही. मागे ४.८८, पुढे ३.२१ ठेवून फोर व्हील टाकलंत की पुढचा-मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू बघणार, आणि ट्रान्सफर केसने (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीने) दोघांना एकत्र बांधलेलं असणार. कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटेल, चिखलात टायर घसरत राहतील. फोर व्हील कधीच वापरणार नसाल तर प्रश्न नाही, पण मग जीप कशाला घेतलीत?

आणि एक खर्च बहुतेक तुमच्या हिशेबात नाही. जेकेमध्ये, म्हणजे तुमच्या पिढीच्या रँग्लरमध्ये, ३.२१ चा कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा असतो. ३.७३ आणि त्यापुढच्या रेशोंना दुसरा कॅरियर लागतो, पुढेही आणि मागेही. दुकानाच्या २,६०० मध्ये तो धरलाय का, ते लिहून घ्या.

फोर बाय फोर पुणेकर

शिमवाल्यांशी सहमत, पण पुढच्या एक्सलबद्दल थोडं घाबरवतो. स्पोर्टला पुढे डाना ३० असतो. ३.२१ चा पिनियन १४ दातांचा, ४.८८ चा फक्त ८ दातांचा. दात कमी म्हणजे पिनियनचं डोकं बारीक. ३५ चे टायर, वर लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) आणि दगडात दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर, एवढं एकत्र आलं की तोच आधी जातो. पुढे लॉकर टाकणार असाल तर रुबिकॉनचा जुना डाना ४४ शोधा. नसेल टाकणार तर पायावर ताबा ठेवा, निभेल.

आता माझी गोष्ट. इथे माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. ५.३८ चं क्राऊन-पिनियन काढून हायवेसाठी छोट्या आकड्याची जोडी बसवली, तुमच्या बरोबर उलटं. एका गॅरेजमध्ये दिली. संध्याकाळी तयार! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कात्रजच्या बोगद्यात ५० च्या पुढे गेलो की मागून 'हूंऽऽ' सुरू. पाय सोडला की बंद, दाबला की पुन्हा. दोन हजार किलोमीटरनंतर उघडलं तर दातांवरची झिज नुसती टोकाकडे. त्याने जुन्या शिम (मापाच्या पातळ चकत्या) जशाच्या तशा घातल्या होत्या. नवी जोडी आणली, बेअरिंगही नवी. दुसऱ्या मेकॅनिकने तीन दिवस लावले, अजून आवाज नाही. पैसे दोनदा गेले.

डेन्वरकर

अरे बापरे. म्हणजे घरी करूच नको?

शिमवाला

करा, पण घाई असेल तर नको. काम अवघड नाही, चिकट आहे. वॉटर पंप एकदा बसवला की बसला. हे चार-पाच वेळा जोडून पुन्हा उघडायचं असतं.

बेअरिंग कॅप काढण्याआधी पंचने खुणा करा, डावी-उजवी अदलाबदल झाली की एक्सलचं वाटोळं. पिनियन किती आत बसवायचा ते शिम ठरवते, म्हणून खरी मारामारी तिथे. प्रत्येक वेळी बेअरिंग प्रेसने दाबून बसवलं आणि ओढून काढलं तर बेअरिंगही जाईल आणि तुम्हीही. जुन्या मापाचं एक बेअरिंग घ्या आणि त्याचं आतलं भोक सँडपेपरने इतकं घासा की हाताने सरकेल. तपासणीपुरतं ते वापरायचं. माप जमलं की नवं दाबून बसवा.

तपासणी म्हणजे क्राऊनच्या दातांवर पिवळा लेप लावून, एका हाताने क्राऊनला अडवत दोन्हीकडे फिरवायचं. लेप जिथून पुसला जातो तिथे पिनियन टेकतो. ठसा दाताच्या टोकाकडे सरकला तर पिनियन अजून आत हवा, मुळाकडे गेला तर जास्त आत आहे. ठसा मधोमध, कडा मऊ, की शांत झोपा. मागच्या एक्सलपासून सुरुवात करा. पुढचा गियरसेट उलट्या कापाचा (दातांचं वळण उलट्या दिशेचं) असतो, पहिल्याच दिवशी गोंधळ नको. ऑर्डर देतानाही 'रिव्हर्स' लिहिलेलाच घ्या.

क्राऊनची ढिलाई (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजा. सहा ते दहा हजारांश इंच. क्राऊन फिरवून वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, एकाच दातावर विसंबू नका. क्राऊनचे बोल्ट नवे, लाल थ्रेडलॉक लावून.

सगळ्यात वैताग पिनियनच्या नटाचा. त्याच्या आत एक पातळ नळकांडं असतं, ते चेपेपर्यंत नट आवळायचा. दोन-अडीचशे फूट-पाउंड सहज लागतात, हातभर लांब पाइप लागेल. आणि मग शेवटी शेवटी श्वास रोखून थांबायचं. थोडं आवळा, इंच-पाउंडाच्या रेंचने पिनियन किती जड फिरतो ते बघा, परत थोडं. आकडा ओलांडला तर नट ढिला करून चालत नाही, नळकांडं फेकून नवं. प्रत्येक एक्सलसाठी तीन आणून ठेवा.

फोर बाय फोर पुणेकर

तीन नाही, चार.

डेन्वरकर

धन्यवाद मंडळी. दुकानाला फोन केला. २,६०० मध्ये कॅरियर धरलेच नव्हते. 'उघडल्यावर कळेल' म्हणाले. ३.२१ वर कॅरियर लागतोच हे त्यांना आधी माहीत असायला हवं होतं ना? तिथेच ठरलं, घरीच करायचं.

४.८८ चे दोन सेट, दोन्ही कॅरियर, बेअरिंग-सीलचं मोठं किट, असं मागवलंय. मागच्या एक्सलला कधीतरी लॉकर टाकीन, पुढच्याला नाही. लो रेंजमध्ये पहिल्या गियरला एकूण रेशो ३१ वरून साधारण ४८ होतो, हे काल रात्री मोजलं आणि बायकोला उठवून सांगितलं. तिने "उद्या सांग" म्हटलं. जुलैत उरेहून इमोजिन पासला जायचंय, १३,११४ फूट. उतारावर ब्रेक तापवायचे नाहीत, इंजिनावरच उतरायचंय.

शिमवाला

जुलैपर्यंत जमेल. पहिले पंधरा-वीस मैल हळू चालवा, मग डिफरेंशियल पूर्ण गार होऊ द्या. गार होण्याआधी हात लावून बघा, हाताला चटका बसला तर काहीतरी घट्ट झालंय. पाचशे मैल ट्रेलर नाही, आय-७० चा चढ नाही, मग तेल बदला. पहिल्या तेलात चमचम दिसेल, घाबरू नका. कणी नखाएवढी असेल तर मात्र फोटो टाका.

आणि गाडीच्या कॉम्प्युटरला टायर आणि रेशो दोन्ही सांगावं लागेल, प्रोग्रामर लागतो. नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल आणि ऑटोमॅटिक चुकीच्या वेळी गियर बदलत राहील, म्हणजे आईंना पुन्हा दम्याची शंका.

डेन्वरकर

आई ऑगस्टपर्यंत आहे, त्यामुळे चाचणी तिचीच. शेवटचा प्रश्न: पिनियनचा नट आवळताना योक (पिनियनला शाफ्ट जोडणारा तुकडा) फिरू नये म्हणून काय धरता? माझ्याकडे मोठा पाइप पाना आहे, पण तो योकला चरे पाडेल अशी भीती वाटते.

शिमवाला

पाना नको. दोन फूट लांबीची लोखंडी पट्टी घ्या, योकच्या भोकांच्या अंतरावर दोन भोकं पाडा, बोल्टने घट्ट बसवा आणि दुसरं टोक जमिनीवर टेकवा.