पिकअप म्हणजे माइकच ना? मग माझा आवाज का येत नाही

नवशिका_सहातार:
अकूस्टिक गिटारवरून इलेक्ट्रिकवर आलोय. बॉडी भरीव, मधे भोक नाही काही नाही, केबल न लावता वाजवली तर जेमतेम ऐकू येते, म्हणून मी धरून चाललो की तारांखालचे पिकअप माइकच असणार. पण त्यांच्याजवळ तोंड नेऊन बोललो तरी ॲम्पमधून शब्द नाही. आणि टोनचा नॉब नक्की काय करतो?

खुंटीपिळ्या:
माइक नाही रे तो. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. चुंबकामुळे वरची स्टीलची तारपण थोडी चुंबकीय होते, ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यातून बारीकसं व्होल्टेज तयार होतं, तेच ॲम्पला जातं. हवेचा संबंधच नाही. नायलॉनच्या तारा लावल्यास तर गिटार ठार मुकी. (कॉइलचे वेढे ढिले असले की ओरडलेलं थोडं येतं, पण तो दोष.)

नवशिका_सहातार:
अच्छा! मग तार तीच, तर दोन-दोन पिकअप कशाला?

सोल्डर_बहाद्दर:
जागेमुळे. ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे, तार कमी हलते आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबतचे बारीक उंच सूर) जास्त उठून येतात म्हणून आवाज खणखणीत, नेककडचा (गिटारच्या मानेकडचा) गोल आणि जाड, आणि कुठला घ्यायचा ते स्विच ठरवतो, मधे ठेवलास की बहुतेक दोन्ही. टोनचा नॉब काही वाढवत नाही हां, फक्त कापतो, कपॅसिटर नावाच्या छोट्या भागातून तीव्र स्वर ग्राउंडला सोडून देतो, म्हणजे ते ॲम्पपर्यंत जातच नाहीत. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप असेल तर विजेची घूं घूं पण ऐकू येईल. त्यावर उपाय म्हणून गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर पिकअप काढला, दोन कॉइल उलट्या जोडलेल्या आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे घूं घूं एकमेकांत कटते आणि तारांचा सिग्नल मात्र बेरजेत येतो. मला तरी सिंगल कॉइलच आवडतो, घुमू दे घुमला तर.

खुंटीपिळ्या:
आणि आवाज वाढावा म्हणून पिकअप तारांना चिकटवू नकोस, सगळे हेच करतात. चुंबक तार ओढतं, सूर डगमगतो, सस्टेन (सूर टिकून राहणं) मरतो. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर बघ, बाजूच्या स्क्रूने पिकअप थोडं थोडं खाली घे.