पारशांमधला कंपवात

पारशांमध्ये कंपवात (पार्किन्सन्स) जास्त, म्हणजे आपापसांतल्या लग्नांचाच परिणाम, असं एकाने म्हटलंय. इतकं सरळ नाही ते. मुंबईच्या पारशी कॉलन्यांमध्ये डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी फिरून १४,०१० जणांची पाहणी केली, १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. रुग्ण निघाले ४६, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. आकडा बघून कुणीही दचकेल! पण या समाजात म्हातारी माणसंच जास्त, आणि कंपवात मुख्यतः उतारवयातला आजार. अमेरिकेतल्या वयोरचनेशी जुळवून घेतल्यावर, म्हणजे तरुण-म्हाताऱ्यांचं प्रमाण तिथल्यासारखं धरल्यावर, तोच आकडा १९२च्या आसपास आला.

शिवाय घरोघरी गेलं की न्यूरॉलॉजिस्टचं तोंडही न पाहिलेले रुग्ण सापडतात. हात थरथरतो, पाय घासत चालतात, तरी घरचे म्हणतात 'वय झालं'. हॉस्पिटलच्या नोंदींवरून काढलेल्या आकड्याशी याची तुलना कशी करणार?