प्रतिसाद: गुळाचं गोड रोज चालतं का?

जेवणानंतर घासभर गोड खाल्ल्याने काही बिघडत नाही, हे या चर्चेत मांडलेलं मत मला पटतं. पण ‘साखर नको, गुळाचं रोज खा, ते पौष्टिक’ हे मात्र अजिबात पटत नाही. गुळात लोह-बिह थोडंफार असेल, पण बाकी बहुतेक साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली साखरेची मर्यादा, दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, ही गूळ-मध धरूनच आहे.

आमच्याकडे गोव्यात फोंड्याला मणगणं (चणाडाळीची गोड खीर) होतं तेव्हा पाव किलो चणाडाळीला ३०० ग्रॅम गूळ पडतो. मी एकदा काट्यावर तोलूनच घातला. शिवाय साबुदाणा आणि नारळाचा दाट रस. त्यातून आठ वाट्या निघतात, म्हणजे एका वाटीत ३५ ग्रॅमच्या वर गूळ. एका वाटीत दिवसाचा २५ ग्रॅमचा कोटा संपला, आणि दोन वेळचा गोड चहा अजून बाकीच! चतुर्थीला, जत्रेला ते हवंच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

गोव्यात तर हे जास्तच जपायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्याकडेच निघालं, २६.४ टक्के. माझ्या आईलाही मधुमेह आहे. तिचं गोड डॉक्टरांनी पूर्ण तोडलं नाही. चार वाजता चहाबरोबर दोदोल (गूळ-नारळाच्या रसाची गोड वडी) खायची ते बंद करून, जेवण झाल्यावर सुपारीएवढा तुकडा, तोही सणावारी, एवढंच ठेवलं.